मॉरिशसला उतरता आणि माहेबूर सोडून पुढे पळता, ते का?

खाडीकाठ

मॉरिशसचे धागे इथे अधूनमधून निघतातच. हनिमून, फॅमिली ट्रिप, 'सगळं मिळून कितीला पडेल' वगैरे. नावंही ठरलेली: ग्राँ बे, फ्लिक आँ फ्लाक, सात रंगांची माती, गंगा तलाव. विमानतळ या बहुतेक ठिकाणांपासून लांब, बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात आहे. त्यामुळे होतं काय, की उतरलेला माणूस टॅक्सीत बसतो, तास-सव्वा तास उसाच्या शेतांमधून उत्तरेला जातो, आणि विमानतळापासून पंधरा मिनिटांवर असलेलं माहेबूर कुणाच्या गावीही नसतं. परतीच्या विमानाआधी फार तर कुणी तिथे चहाला थांबतं.

यंदा आम्ही मुक्कामच माहेबूरला ठेवला. दोघंच होतो, मुलं मोठी झालीत, त्यामुळे वॉटर पार्क आणि किड्स क्लबची भानगड नव्हती. उरलेलं बेट बसने आणि थोडं भाड्याच्या गाडीने पाहिलं. तर हा धागा त्या गावाबद्दल आहे, आख्ख्या मॉरिशसबद्दल नाही. पॅकेजचे दर विचारू नका, मला ठाऊक नाहीत.

गाव कसं आहे? समुद्राला लागून आखीव सरळ रस्त्यांची पेठ. बहुतेक इमारती दोन मजल्यांच्या आत. काही जुनी लाकडी घरं पत्र्याच्या छपराची, काही सिमेंटची, रंग उडालेली. एकाच ओळीत चिनी वाण्याचं दुकान, कापडवाला, मोबाईल दुरुस्ती, हार्डवेअर, बेकरी. चर्च, मशीद, देऊळ सगळं चालत अंतरावर. फ्रेंच गव्हर्नर दकाँ याने १८०० नंतरच्या पहिल्या दशकात ते वसवलं आणि आधीच्या एका गव्हर्नराचं, माहे द ला बुर्दोनेचं, नाव दिलं. हा तोच ला बुर्दोने, ज्याने १७४६ साली इंग्रजांकडून मद्रास घेतलं होतं.

सांगायचं एवढंच आहे की हे गाव प्रवाशासाठी मांडलेलं नाही. दुकानं गावकऱ्यांच्या गरजेची, बाजार गावकऱ्यांचा, किनाऱ्यावरच्या बाकांवर बसलेली माणसंही तिथलीच. तुम्ही आलात तर ठीक, नाही आलात तर त्यांचं काही अडत नाही. मला हे फार आवडलं. ज्यांना आवडणार नाही त्यांनी इथे जाऊ नये, हेही प्रामाणिकपणे सांगते.

सोमवार मात्र चुकवू नका. बस स्टँडला लागूनच बाजार आहे. तो रोज भरतो, पण सोमवारी तो आजूबाजूच्या रस्त्यांवर ओसंडतो. एका बाजूला भाजी: दुधी, दोडका, कारली, शेवग्याच्या शेंगा, अळूची पानं, आणि तिथे फार खाल्लं जाणारं चायोट. दुसऱ्या बाजूला कपडे, प्लास्टिकच्या बादल्या, फोनची कव्हरं, टोप्या. मध्येच खाण्याच्या गाड्या.

ढोलपुरीच्या गाडीपाशी मी बराच वेळ नुसती उभी राहिले होते. बाई कापडात गुंडाळलेल्या चळतीतून पुऱ्या काढते. पुरी म्हणायचं एवढंच, तळत नाहीत. तव्यावर भाजलेली पातळ, मऊ, पिवळसर पोळी असते आणि आत शिजवून कोरडी वाटलेली डाळ भरलेली असते, हळद-जिऱ्याची. पुरणपोळीतला गूळ काढून घेतला तर जे उरेल ते. दोन पोळ्या एकावर एक हातावर पसरते, त्यावर मोठ्या पावट्यांची पातळ भाजी, टोमॅटोचा रुगाय, वरून हिरव्या मिरचीची चटणी. कागदात गुंडाळी करून तुमच्या हातात. ही जोडीनेच विकतात, एक मागितली की चमत्कारिक नजरेने बघतात. रांगेत शाळेची मुलं, बँकेतले कारकून, हातात जाळं घेतलेला कोळी. रस्सा मनगटावरून कोपरापर्यंत येतो, तेव्हा बाही आधीच वर घ्या.

बाकीचं हळूहळू लिहिते. विचारा.

पोहेवाला

वाखूसा (वाचनखूण साठवली)! फोटो कुठायत पण? फोटोंशिवाय प्रवासधागा म्हणजे पाप आहे.

खाडीकाठ

फोटो नवऱ्याच्या फोनमध्ये आहेत आणि नवरा ऑडिटमध्ये आहे. येतील.

दक्षिणदरवाजा

ढोलपुरीचं वर्णन वाचून ऑफिसात भूक लागली. आम्ही पक्के शाकाहारी आहोत, कांदा-लसूण चालतो. भागेल का?

खाडीकाठ

आरामात. ढोलपुरी, फराटा (हा आपल्या पराठ्यासारखाच), गातो पिमाँ म्हणजे डाळ वाटून केलेले मिरचीचे छोटे वडे. हे वडे लोक सकाळी लोणी लावलेल्या पावात घालून खातात, आमचा रोजचा नाश्ता तोच होता. बाजारात आलुदा मिळतो: दूध, सब्जा, आगरचे तुकडे, बर्फ. अननस तर विचारू नका, छोटे आणि गोड. गाडीवाला साल काढून डोळे तिरप्या चरांनी कोरून काढतो आणि देठ धरून खायला देतो. हवं तर मीठ-मिरची-चिंच लावून.

फक्त हॉटेलात नूडल्स किंवा फ्राइड राइस घेताना विचारून घ्या, त्यात कोळंबी-अंडं सर्रास असतं. मासे खाणाऱ्यांची तर चंगळच. ऑक्टोपसची आमटी आणि मोहरी-हळदीत मुरवलेला व्हिंदाय मासा, दोन्ही भाताबरोबर.

तोफखाना

माहेबूरचा धागा आणि ग्राँ पोरच्या लढाईचा उल्लेख नाही? ताई, हे म्हणजे पानिपतला जाऊन नुसती लस्सी पिऊन येण्यासारखं झालं. परवानगी असेल तर मी घुसतो.

माहेबूरसमोरचा जो उपसागर आहे तो ग्राँ पोर. ऑगस्ट १८१० मध्ये, २० ते २७ तारखांच्या दरम्यान, इथे फ्रेंच आणि इंग्रज आरमाराची जुंपली. उपसागराच्या तोंडावर प्रवाळाच्या भिंतीत एक खिंड आहे आणि तिथे ईल द ला पास नावाचं चिमुकलं बेट, त्यावर किल्ला. इंग्रजांनी ते बेट आधी गुपचूप घेतलं आणि वर फ्रेंच झेंडाच फडकत ठेवला. फ्रेंच कप्तान द्युपेरे आपली जहाजं घेऊन आला, आपलंच ठाणं समजून खिंडीत शिरला आणि वरून तोफा सुरू झाल्या. तरी तो त्यातून आत निसटला आणि किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात जहाजं रांगेने नांगरून बसला.

आता त्याला तिथून उठवायला इंग्रजांना आत यायला हवं. आत यायचं म्हणजे प्रवाळाच्या खडकांमधून. वाटा त्यांना नीट माहीत नव्हत्या. चार फ्रिगेट (वेगवान युद्धनौका) आल्या: सिरियस, माजिसिएन, नेरेइड आणि इफिजेनिया. सिरियस आणि माजिसिएन खडकांवर चढून अडकल्या, त्या शेवटी इंग्रजांनी स्वतःच पेटवून दिल्या. नेरेइडची चाळण झाली. इफिजेनियाला शरण यावं लागलं. पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेला इंग्रजांविरुद्धचा आरमारी विजय हा एवढा एकच. ट्रफल्गारच्या आरमारी विजयाचा डंका पिटणाऱ्या इंग्रजांना हे कोणी सांगत नाही.

आणि मजा पुढे आहे. द्युपेरेच्या चेहऱ्याला जखम, नेरेइडचा कप्तान विलोबी याचा डोळा गेला. दोघांनाही उपचारासाठी किनाऱ्याजवळच्या एकाच घरात ठेवलं. ते घर अजून उभं आहे. तेच आजचं तिथलं इतिहास संग्रहालय. ताई, तिथे गेला होतात की नाही ते सांगा.

खाडीकाठ

तोफखाना, गेले होते हो! तुमच्यासाठीच जागा सोडली होती असं समजा. गावाच्या जरा बाहेर, मुख्य रस्त्यावर, मोठ्या झाडांच्या आवारात व्हरांड्याचं दुमजली घर आहे. आत बुडालेल्या जहाजांतून वर काढलेल्या वस्तू, नकाशे, तोफा. बाहेर रेल्वेचे जुने डबे ठेवलेत, कारण एकेकाळी पोर्ट लुईहून माहेबूरपर्यंत आगगाडी यायची. १९६४ मध्ये ती रेल्वे बंद झाली. आता नवी मेट्रो क्यूरपीपपर्यंतच येते, पुढे बस.

आणि समुद्राकाठी प्वांत दे रेगातला त्या लढाईत मेलेल्यांचं स्मारक आहे, दोन्ही बाजूंच्या खलाशांचं एकत्र. त्याच्याभोवती संध्याकाळी पोरं सायकली फिरवत असतात.

तोफखाना

वा. एक पुरवणी देऊन थांबतो. जिंकले तरी फ्रेंचांना ते बेट तीन-चार महिनेच लाभलं. इंग्रजांनी धडा घेतला आणि नोव्हेंबर १८१० च्या अखेरीस समोरून न येता उत्तरेकडून फौज उतरवली. ती फौज मुंबई, मद्रास, कलकत्ता अशी ठिकठिकाणाहून जहाजांतून आणून रॉड्रिग्ज बेटाजवळ जमवली होती. तिचा सेनापती जॉन ॲबरक्रॉम्बी हा तेव्हा मुंबईच्या सैन्याचा सरसेनापती. म्हणजे मॉरिशस इंग्रजांचं झालं त्यात आपल्या मुंबई बंदराचाही हात आहे. पुढे तहात फ्रेंच कायदे आणि चालीरीती तशाच राहू दिल्या, म्हणून आजही तिथे रस्त्यावर इंग्रजीपेक्षा फ्रेंच आणि क्रिओल (तिथली बोली) हेच ऐकू येतं.

बाबा_बंगाली_नाही

थोडं विरुद्ध बाजूने लिहितो, राग मानू नये. आम्ही गेल्या वर्षी लहान दोन मुलांना घेऊन गेलो होतो. एका ब्लॉगवर वाचून पहिला मुक्काम माहेबूरला केला. संध्याकाळी सहाला दुकानांची शटरं खाली. सातला रस्ता सुनसान. जेवायला जी दोन-तीन ठिकाणं उघडी सापडली त्यातल्या एकात तासभर ताटकळलो. गावात पोहायला किनारा नाही, नुसता कठडा आणि बोटी. पोरांनी 'समुद्र कुठाय' म्हणून डोकं खाल्लं. दुसऱ्या दिवशी बाडबिस्तारा गुंडाळून पश्चिमेला गेलो आणि तिथे सुखाने राहिलो. साधं गाव म्हणून कौतुक ठीक आहे, पण साधी गावं आपल्याकडेही आहेत की. त्यासाठी सहा तास विमानात कशाला बसायचं?

खाडीकाठ

राग कसला, तुमचे सगळे मुद्दे खरे आहेत. गावात पोहायला किनारा नाही, हे मी वरच लिहायला हवं होतं. पोहायचं तर ब्लू बे किंवा प्वांत देस्नी, बसने दहा-पंधरा मिनिटं. रात्रीचं जेवण लवकर. आणि बस संध्याकाळी सहा-सातनंतर विरळ होतात, तेव्हा दिवसभर कुठे गेलात तर परतीचं आधी बघा. लहान मुलं असतील तर मीही पश्चिमेलाच जाईन. तिथला समुद्र शांत असतो आणि सूर्यास्त समोर.

पण 'साधी गावं आपल्याकडेही आहेत' हे तितकंसं पटलं नाही. मॉरिशसमध्ये आपण आपल्याकडचं नसलेलं बघायला जातो असं तुम्ही धरून चाललात. मला उलट आपल्याकडचंच काय काय तिथे गेलं आणि त्याचं पुढे काय झालं ते बघायचं होतं. ते रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावापाशी दिसत नाही.

बाबा_बंगाली_नाही

हे मान्य. बायकोने तुमची पोस्ट वाचली आणि म्हणाली, 'बघ, मी सांगत होते'. धन्यवाद.

सुरुबन

ब्लू बेबद्दल. ते फक्त सुंदर पाणी नाही, सागरी उद्यान आहे, ३५३ हेक्टरचं, आणि २००८ पासून रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत) आहे. काचेच्या तळाची बोट घेऊन प्रवाळ बघता येतात. चांगले दिवस असतील तर मेंदूच्या घड्या असाव्यात तसे गोल प्रवाळ, शिंगांसारखे फांदीदार, आणि त्यावर पट्टेरी मासे. पण आता खरं सांगतो, पाणी तापून बरेच प्रवाळ पांढरे पडलेत. जाहिरातीतल्या फोटोंच्या अपेक्षेने जाऊ नका. आणि पायाखाली प्रवाळ तुडवू नका, हातात घेऊन फोटो काढू नका. आपल्या लोकांना हे सांगावं लागतं.

पोहण्यासाठी दोर लावून आखलेला भाग आहे, त्याच्या आतच राहा. बाहेर बोटी आणि प्रवाह दोन्ही आहेत. रविवारी गेलात तर सुरूच्या झाडांखाली आख्खी खानदानं पातेली, गॅसची शेगडी आणि रावान घेऊन आलेली दिसतील. रावान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा मोठा डफ. वाजवण्याआधी शेकोटीवर धरून तापवतात. दुपारनंतर सेगा, म्हणजे तिथला गाण्या-नाचाचा प्रकार, सुरू होतो. तिकीट काढून हॉटेलात सेगा बघण्यापेक्षा हा बघावा.

मावळतीचा_कट्टा

ईल ओ झेग्रेतला कोणी गेलंय का? पक्ष्यांसाठी विचारतेय.

सुरुबन

गेलोय. त्यासाठीच गेलो होतो माहेबूरला, बाकी सगळं फुकटात मिळालं.

माहेबूर आणि ब्लू बेच्या मधल्या प्वांत जेरोमच्या धक्क्यावरून बोट नेते. बेट फार मोठं नाही, २७ हेक्टर. प्रवाळाच्या दगडाचं, सपाट. मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन ते सांभाळतं, गाइडबरोबरच फिरता येतं आणि आधी नोंदणी करावी लागते. आत शिरलं की सगळ्यात आधी कळतं ते हे की मॉरिशसमध्ये इतर जे हिरवं दिसतं, त्यातलं बरंचसं बाहेरून आणलेलं आहे. ऊस, सुरू, पेरूची झुडपं, सगळं. किनाऱ्यालगत एकेकाळी जे एबनीचं (काळ्या लाकडाच्या झाडांचं) रान होतं ते डचांनी आणि पुढच्यांनी तोडलं. इथे त्यातला एक तुकडा उरला आणि तो आता तण उपटत, रोपं लावत परत उभा करताहेत.

पिंक पिजन बघितलं. फिकट गुलाबी अंग, तपकिरी शेपूट, आपल्या पारव्यापेक्षा जरा थोराड. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हे जंगलात जेमतेम दहाच्या आसपास उरले होते. आमच्या डोक्यावर फांदीवर एक बसलं होतं, पायात रंगीत कडी. गाइडने कड्यांचे रंग बघितले आणि ते कुठल्या जोडीचं पिल्लू, हे लगेच सांगितलं. तिथली मूळची कासवं माणसांनी खाऊन संपवली, म्हणून त्यांच्या जागी अल्दाब्राची प्रचंड कासवं आणून सोडलीत. हौस म्हणून नव्हे. एबनीची फळं खाऊन बी दुसरीकडे टाकणारं कोणीतरी हवं ना, ते काम ती करतात.

मच्छर भरपूर आहेत, लांब बाह्यांचं घाला.

अजून वेळ असेल तर माहेबूरहून उत्तरेला गाडीने फर्नीच्या खोऱ्यात जा. तिथे मॉरिशस केस्ट्रेल हा छोटा शिकारी पक्षी दिसण्याची शक्यता असते. १९७४ मध्ये निसर्गात हे चारच पक्षी माहीत होते. चार! तिथून सावरून आज ते दिसतात.

मावळतीचा_कट्टा

दंडवत. यादीत नोंद केली.

एबेनचा_कारकून

मी काही वर्षं एबेनच्या आयटी पार्कमध्ये नोकरी करत होतो, म्हणून लिहितो. धाग्यात २०२० अजून कोणी काढलं नाही, पण माहेबूरबद्दल बोलताना ते टाळता येत नाही.

२५ जुलै २०२० ला वाकाशिओ हे जपानी मालकीचं मालवाहू जहाज प्वांत देस्नीसमोर प्रवाळाच्या भिंतीवर चढलं. पहिले दिवस सगळे नुसते बघत राहिले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात टाकी फुटली आणि अंदाजे हजार टन तेल बाहेर आलं, आणि ते सरळ माहेबूरच्या खाजणात. मी त्या शनिवारी तिथे गेलो होतो. किनाऱ्यावर डिझेलचा असा दर्प होता की डोळ्यांना धार लागायची. धक्क्यावर शेकडो माणसं बसून तेल अडवायचे तराफे शिवत होती. कापडाच्या लांब नळ्या, त्यात उसाचं वाळलेलं पाचट ठासून भरायचं, मध्ये प्लास्टिकच्या बाटल्या घालायच्या म्हणजे तरंगतील, आणि तोंडं शिवून बोटीतून पाण्यात सोडायच्या. पाचटाचे ट्रक आजूबाजूच्या शेतांतून येत होते. कोणी सांगितलं नव्हतं, कोणाचा आदेश नव्हता. म्हाताऱ्या बाया सुई-दोरा घेऊन बसल्या होत्या. न्हाव्यांच्या दुकानांतून केसही गोळा केले गेले, कारण केसांना तेल चिकटतं. तेव्हा ईल ओ झेग्रेतवरची काही रोपं आणि पक्षीही सुरक्षित जागी हलवले होते.

मासेमारी बंद झाली. वर कोविडमुळे प्रवासी नव्हते. बोटवाल्यांनी ते वर्ष कसं काढलं असेल याचा विचार करा. म्हणून कोणी 'तिथे काय बघायचं' विचारलं की मी म्हणतो, बोट करा, तिथल्या माणसाला भाडं द्या, त्याच्याशी बोला. आता पाणी वरवर स्वच्छ दिसतं. तिवरांच्या मुळांचं काय, ते बोटवाले तुम्हाला जास्त चांगलं सांगतील.

पोहेवाला

हे अजिबात माहीत नव्हतं. पाचटाचा हा उपयोग तर भन्नाटच. आमच्याकडे कोल्हापुरात पाचट नुसतं पेटवतात.

दक्षिणदरवाजा

कारकूनसाहेब, तिथे मराठी माणसं भेटतात का? खूप ऐकलंय.

एबेनचा_कारकून

भेटतात, पण माहेबूरच्या पेठेत शोधत बसू नका. मॉरिशसचे मराठी लोक जास्त करून पश्चिमेला ब्लॅक रिव्हर, कॅस्केव्हेल, आणि मधल्या पठारावर व्हाकोआ वगैरे भागांत. १८३४ पासून जे गिरमिटिये (करारावर नेलेले मजूर) गेले त्यात मुंबई बंदरातून गेलेले कोकण आणि देशावरचे लोक होते, त्यांचे हे वंशज. घरात बहुतेक आता क्रिओलच बोलतात. मराठी शाळेत विषय म्हणून शिकता येते आणि मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये पुढेही. आडनावं ओळखीची, स्पेलिंग फ्रेंच वळणाचं.

गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. तेव्हा गेलात तर विसर्जनाला कुठल्याही किनाऱ्यावर आरत्या कानावर पडतील. चाल किंचित वेगळी, शब्द तेच. बिहारी मूळ असलेली, तमिळ, तेलुगू कुटुंबंही त्यात असतात. मला तिथल्या एका काकूंनी मोदक दिला होता. आतलं सारण नारळ-गुळाचंच, वरून व्हॅनिला. चांगला लागला, उगाच नाक मुरडू नका.

चष्मिस_आजोबा

माझं वय ७१, सौ. ६८. चालायची सवय आहे पण चढ नको. मे महिन्यात नातीच्या सुट्टीत जाऊ म्हणतो. हवा कशी असेल? व्हिसा लागतो का?

खाडीकाठ

आजोबा, मे उत्तम. तिथे आपल्या उलट, मे म्हणजे उन्हाळा सरून थंडीकडे झुकलेला काळ. जानेवारी ते मार्च चक्रीवादळांचा धोका, तो टाळा. जून ते सप्टेंबर हवा सुखद, पण एक गोष्ट कोणी सांगत नाही: आग्नेयेकडून येणारा वारा तेव्हा थेट माहेबूरच्या तोंडावर येतो. समुद्र खवळलेला, बोटीच्या फेऱ्या कधी रद्द, संध्याकाळी स्वेटर हवा. पतंगाच्या दोरीने पाण्यावर पळणाऱ्यांची तेव्हा चैन असते, आपली नाही.

भारतीय पासपोर्टला पर्यटक म्हणून आधी व्हिसा काढावा लागत नाही, तिथे उतरल्यावर विनामूल्य शिक्का मिळतो. परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि ऑनलाइन भरलेला प्रवासाचा फॉर्म जवळ ठेवा. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे.

गाव सपाट आहे. सकाळी किनाऱ्याचा रस्ता धरून कॅव्हेंडिश पुलापर्यंत रमतगमत जा. समोर उपसागर आणि पलीकडे लायन माउंटन. त्या डोंगरावर चढायचं मात्र तुमच्या नातीला सांगा, ४८० मीटरच असला तरी वरच्या टप्प्यात हात टेकवावे लागतात.

पूल ओलांडलात की व्हील न्वारला कसाव्याच्या बिस्किटांचा छोटा कारखाना आहे, राऊ कुटुंबाचा, १८७० पासूनचा. सौ.ना नक्की न्या. कसावा किसून, पिळून, वाळवून त्याचं पीठ करतात. मग तापलेल्या लोखंडी पत्र्यावर चौकोनी साचे मांडून एकेका साच्यात हाताने पीठ भरतात. खाली जाळ उसाच्या पाचटाचा. एक बाई उलथण्याने ती बिस्किटं एकेक करून उलटत जाते, रांगेत, न चुकता. शेवटी चहाबरोबर चाखायला देतात: नारळ, दालचिनी, बडीशेपेसारखा वास असलेलं चक्रीफूल, कस्टर्ड. मैदा नाही, गहू नाही. उपासाला चालेल का यावर आमच्या घरात अजून वाद चालू आहे.

चष्मिस_आजोबा

साबुदाणा कसाव्याचाच असतो. सौ. म्हणते दालचिनीचं चालेल, कस्टर्डचं नाही. निकाल लागला.

खाडीकाठ

आजी की जय! नवऱ्याला कळवते.

हिशोबनीस

पैशांचं काय? रोकड न्यावी की कार्ड?

एबेनचा_कारकून

फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे यूपीआय आणि रुपे सुरू झालं, पण त्यावर विसंबून बाजारात जाऊ नका. मोठ्या दुकानांत बघा, चाललं तर चाललं. बस, ढोलपुरी, भाजीवाली, सगळं रोखीवर. मॉरिशसचा रुपया आपल्यापेक्षा महाग आहे, त्यामुळे पाटीवरचा लहान आकडा बघून फसू नका. बसमध्ये कंडक्टर असतो, सुटे द्या. गाडी भाड्याने घेणार असाल तर डाव्या बाजूनेच चालवायची, आपल्यासारखीच. उसाच्या शेतांमधले रस्ते मात्र अरुंद आहेत आणि पदपथ नाहीत, रात्री जपून.

अजून एक. विमानतळावर टॅक्सीवाले माहेबूरचं नाव ऐकून तोंड वाकडं करतात, कारण भाडं लहान. दर आधी ठरवा. किंवा सामान कमी असेल तर बस आहे, विमानतळावरून जाते.

नवखा_मुसाफिर

नोव्हेंबरमध्ये जातोय, तिकिटं काढून झाली. शनिवारी दुपारी उतरणार, माहेबूरला मंगळवार सकाळपर्यंत, मग पुढे पश्चिमेला. सगळं बसेल का? बायको म्हणते ब्लू बे दोनदा हवं.

खाडीकाठ

सोमवार धरलायत, बास. शनिवारी उतरल्यावर नुसतं किनाऱ्यावर फिरा आणि लवकर जेवा. रविवारी ब्लू बे, पण डबा घेऊन जा आणि दिवसभर तिथेच पडा, म्हणजे बायकोचं दोनदाचं एकदम वसूल होईल. सोमवारी सकाळी बाजार, ढोलपुरी उभ्यानेच, मग पूल ओलांडून बिस्किटं. तो कारखाना शनिवार-रविवार बंद असतो, आणि दुपारी लवकर आवरतात. दुपारनंतर संग्रहालय. ईल ओ झेग्रेत बसवायचं असेल तर रविवार सकाळची फेरी आत्ताच मेल करून विचारा आणि तिथूनच पुढे ब्लू बेला जा, रस्ता तोच आहे.

सुरुबन

नोव्हेंबरात पाणी स्वच्छ असतं, वारा पडलेला असतो. स्नॉर्कलचा चष्मा घरून न्या, तिथले भाड्याचे गळतात. आणि फोटो टाका रे बाबांनो, पोहेवाला अजून वाट बघतोय.

पोहेवाला

ऑडिट संपलं का ताई?